चालती मालिका सोडताना: हेन्री ब्लेकपासून मिहिर विराणीपर्यंत

'मॅश' ही कोरियन युद्धातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयावरची विनोदी मालिका. तिच्या तिसऱ्या हंगामातल्या शेवटच्या भागाची संहिता नटांच्या हाती आली तेव्हा तिच्यात एक पान कमी होतं. कर्नल हेन्री ब्लेकची लष्करातून सुटका होते, तो सगळ्यांचा निरोप घेतो, हेलिकॉप्टरमध्ये बसतो आणि घराकडे निघतो, इथवरच लिहिलेलं होतं. उरलेलं पान दिग्दर्शक लॅरी गेलबार्टने स्वतःपाशी ठेवलं होतं. बाकी चित्रीकरण उरकल्यावर त्याने ते बाहेर काढलं. रडार नावाचा हेन्रीचा कारकून शस्त्रक्रियेच्या खोलीत येतो आणि हातातला निरोप वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. पहिल्या टेकमध्ये काहीतरी तांत्रिक घोळ झाला. दुसऱ्या टेकमध्ये, वाचून झाल्यावरच्या शांततेत, कॅमेऱ्याबाहेर कुणाच्या तरी हातून एक शस्त्रक्रियेचं हत्यार खाली पडलं. तो खणखणाट भागात तसाच ठेवला. १८ मार्च १९७५ला भाग दाखवला गेला आणि संतापलेल्या प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग लागला.

हेन्री ब्लेक व्हायचा मॅक्लीन स्टीव्हन्सन. त्यानेच मालिका सोडायचं ठरवलं होतं, कुणी काढलं नव्हतं. चालू मालिका सोडून पुढे हळहळलेल्या नटांची यादी निघाली की त्याचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं. अशा याद्यांचा सूर बहुतेक वेळा 'गर्वाचं घर खाली' असा असतो. मला तो पटत नाही. नटाचा गर्व हा काही दुर्मिळ पदार्थ नव्हे, तो राहणाऱ्यांतही भरपूर असतो. चुकतो तो हिशेब. आपल्या लोकप्रियतेत आपला स्वतःचा वाटा किती, हे नटाला आतून मोजता येत नाही, आणि जाताना तो नेमका तोच आकडा धरून पुढचे बेत करतो.

स्टीव्हन्सनचाच हिशेब मांडून पाहू. 'मॅश' सप्टेंबर १९७२मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली. पहिल्या हंगामात तिची अवस्था बेताचीच होती. दुसऱ्या हंगामात वाहिनीने तिला शनिवारी रात्री साडेआठला आणलं, त्या काळी अमेरिकेत सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या 'ऑल इन द फॅमिली'च्या लगेच मागे. 'मॅश' एकदम पहिल्या दहा मालिकांत गेली. १९७४मध्ये स्टीव्हन्सनला सहायक अभिनेत्याचा गोल्डन ग्लोब मिळाला. रस्त्यावर लोक ओळखू लागले, जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात बदली सूत्रसंचालक म्हणून बोलावणी यायला लागली. नटाच्या बाजूने बघितलं तर दोन वर्षांपूर्वी जो कुणी नव्हता तो आता घराघरात आहे. यात शनिवारच्या साडेआठचं देणं किती, हे कुठल्याच पुरस्कारावर कोरलेलं नसतं.

दुसरं देणं लेखकांचं. हेन्री ब्लेक हा भला पण गोंधळलेला साहेब. त्याचा विनोद उभा राहतो तो आजूबाजूच्या माणसांवर. साहेब वाक्य पुरं करायच्या आत रडार तेच वाक्य बोलतो, मागायच्या आत कागद पुढे करतो. हॉकआय आणि ट्रॅपर हे दोन खोडकर सर्जन त्याला गुंडाळून ठेवतात. मेजर फ्रँक बर्न्स आणि मुख्य परिचारिका हॉट लिप्स त्याच्यावर वर तक्रारी पाठवतात. या सगळ्यांना तो जी प्रतिक्रिया देतो ती म्हणजे हेन्री. गोष्ट पुढे ढकलायची जबाबदारी त्याच्यावर कधीच नसते. असा प्रतिक्रियेवर जगणारा नट उचलून मालिकेच्या मधोमध ठेवला की त्याच्याकडून वेगळंच काम मागितलं जातं. आता इच्छा त्याची, अडचण त्याची, निर्णय त्याचा. सहायक भूमिकेत जी चाल गोड वाटते ती नायकात मिळमिळीत वाटू लागते.

स्टीव्हन्सन एनबीसी या दुसऱ्या वाहिनीकडे गेला आणि नेमकं हेच झालं. १९७६मध्ये त्याच्याच नावाचा कार्यक्रम आला, तो एका हंगामात आटोपला. १९७८मध्ये सीबीएसवर 'इन द बिगिनिंग' आली, ती काही आठवड्यांत गेली. १९७९मध्ये 'हॅलो, लॅरी' आली. ही दोन हंगाम टिकली, पण टिकली ती कार्सनच्या विनोदांचं कायमचं गिऱ्हाईक होऊन. १९८३ची 'कॉन्डो'ही तशीच गेली. नंतर स्टीव्हन्सनने स्वतःच जे निदान केलं त्यात खोट काढायला जागा नाही: सगळी अमेरिका मॅक्लीन स्टीव्हन्सनवर प्रेम करते असं त्याला वाटलं होतं, प्रत्यक्षात तिचं प्रेम हेन्री ब्लेकवर होतं.

इकडे 'मॅश'वाल्यांनी त्याची जागा कशी भरली ते पाहण्यासारखं आहे. मालिका लिहिणारे आजही हाच नियम पाळतात. गेलेल्या पात्रासारखंच दुसरं आणायचं नाही, कारण प्रेक्षक लगेच तुलना मांडून बसतो. गोंधळलेल्या हेन्रीच्या जागी हॅरी मॉर्गनचा कर्नल पॉटर आला: घोडदळातून आलेला, मुरलेला, तंबूत शिस्त आणणारा. बाईलवेड्या ट्रॅपरच्या जागी बायकोमुलीच्या आठवणीत झुरणारा बी. जे. हनिकट. १९७७मध्ये लॅरी लिनव्हिल गेल्यावर मूर्ख फ्रँक बर्न्सच्या जागी अत्यंत हुशार आणि अत्यंत शिष्ट विंचेस्टर. प्रत्येक बदलाने लेखकांना नवे झगडे मिळाले. मालिका आणखी आठ हंगाम चालली आणि २८ फेब्रुवारी १९८३चा शेवटचा भाग अमेरिकेत साडेदहा कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. सोडून गेलेल्या नटाला सगळ्यात जास्त झोंबत असेल ते हे. आपल्यावाचून अडेल असं वाटलं होतं, आणि गाडी अडली तर नाहीच, उलट जोरात धावली.

ट्रॅपर म्हणजे वेन रॉजर्स. तोही त्याच वेळी गेला. कारण साधं होतं. सुरुवातीला हॉकआय आणि ट्रॅपर ही जोडी सारख्या वजनाची असेल असं त्याला सांगितलं होतं. पुढे अ‍ॅलन अल्डाचा हॉकआय मोठा होत गेला आणि ट्रॅपर त्याच्या विनोदाला ठेका धरणारा उरला. त्याच्या जाण्यातली कागदोपत्री बाजू जास्त रंजक आहे. निर्मात्यांच्या करारात वर्तणुकीचं कलम होतं: नटाचं वागणं स्टुडिओला अशोभनीय वाटलं तर त्याला काढता येईल. अशोभनीय म्हणजे काय हे ठरवणार स्टुडिओच. रॉजर्सने त्यावर सही करायला नकार दिला, आणि तीन हंगाम तो सहीशिवायच काम करत राहिला. तो गेल्यावर करारभंगाचा दावा झाला, पण ज्या करारावर सहीच नाही तो मोडणार कसा? दावा टिकला नाही.

किंमत पडद्यावर मोजली गेली. चौथ्या हंगामाच्या पहिल्या भागात हॉकआय रजेवरून परततो तर ट्रॅपर घरी गेलेला असतो. चिठ्ठी नाही, भेट नाही. ट्रॅपरचा निरोप म्हणून रडार हॉकआयच्या गालाचं चुंबन घेतो, बस. हेन्रीला निदान अख्खा भाग मिळाला होता. रॉजर्सला निरोपाचा प्रसंगच मिळाला नाही, कारण तो हंगाम संपल्यानंतर गेला आणि चित्रित करायला हाताशी नट नव्हता. मालिका इतकी वर्षं चालेल हे माहीत असतं तर गप्प बसून राहिलो असतो, अशा अर्थाचं तो पुढे बोललाही. पण त्याचं आयुष्य काही बुडालं नाही. गुंतवणुकीत त्याने चांगलं नाव कमावलं आणि 'हाउस कॉल्स' नावाच्या डॉक्टरांच्याच मालिकेत नायक झाला.

इथे एक गंमत आहे. 'बोनान्झा' ही १९५९पासून एनबीसीवर गाजत असलेली घोड्यांची, कुरणांची मालिका. तिच्यात थोरला मुलगा अ‍ॅडम करणारा पर्नेल रॉबर्ट्स सहा हंगामांनंतर, १९६५मध्ये बाहेर पडला. तिशी उलटलेला बाप्या प्रत्येक भागात वडिलांची परवानगी मागतो हे त्याला हास्यास्पद वाटायचं. मालिका त्याच्याशिवाय १९७३पर्यंत चालली. पुढची कित्येक वर्षं रॉबर्ट्स इतरांच्या मालिकांत पाहुणा म्हणून फिरला. मग १९७९मध्ये त्याला परत एक मोठी भूमिका मिळाली आणि ती सात हंगाम, १९८६पर्यंत टिकली. भूमिका कुठली? 'ट्रॅपर जॉन, एम.डी.' म्हणजे वेन रॉजर्सने सोडलेला ट्रॅपर, वयाने वाढलेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात मोठ्या पदावर बसलेला. एकाने टाकलेली झूल दुसऱ्याने पांघरली. ही मालिका 'मॅश' मालिकेतून निघाली की 'मॅश' ज्यावरून बेतली त्या मूळ चित्रपटातून, यावरही कोर्टकज्जा झाला. कोर्टाने चित्रपटातून असं म्हटलं, त्यामुळे मालिकेच्या निर्मात्यांना तिच्यातून वाटा मिळाला नाही.

आता करार. आपल्याकडे हा विषय निघाला की 'एवढं काय, राजीनामा द्यायचा' असं लोक सहज म्हणतात. अमेरिकेत राजीनामा देता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात कलम २८५५ आहे: वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लादता येत नाही. १९४४मध्ये नटी ऑलिव्हिया डी हॅविलँड वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओविरुद्ध जिंकली. ही सात वर्षं म्हणजे दिनदर्शिकेतली सात वर्षं, काम नाकारल्याबद्दल निलंबित ठेवलेले महिने त्यात मागाहून जोडायचे नाहीत, असं कोर्टाने ठरवलं. तेव्हापासून सात वर्षं हा मालिकांच्या करारांचा ठरीव साचा झाला. नट वाहिनीसमोर शेवटची चाचणी द्यायच्या आधीच अशा करारावर सही करतो. भूमिका मिळेल की नाही हे तेव्हा त्याला माहीतही नसतं. दर वर्षी पुढच्या हंगामासाठी ठेवून घ्यायचा पर्याय असतो, पण तो फक्त स्टुडिओचा. नेहमीचा रिवाज असा की ३० जूनपर्यंत स्टुडिओने कळवायचं. मानधन दर हंगामाला चार-पाच टक्क्यांनी वाढतं. नटाच्या हाती राहतं ते एकच हत्यार, मालिका गाजली की वाढ मागायची आणि नाही दिली तर आजारी पडायचं. तेही बेकायदाच, पण सगळे करतात.

नट डेव्हिड करूसोचं प्रकरण या चौकटीत ठेवलं की नीट दिसतं. त्याची पोलिसांवरची मालिका 'एनवायपीडी ब्लू' सप्टेंबर १९९३मध्ये एबीसी वाहिनीवर आली. पहिल्याच हंगामात करूसोला गोल्डन ग्लोब मिळाला. त्याचं मानधन भागाला ४० हजार डॉलर होतं आणि त्याने लाखाच्या घरात मागितलं, असं तेव्हा छापून आलं. जमलं नाही. दुसऱ्या हंगामाचे चार भाग करून तो बाहेर पडला, म्हणजे एकूण २६ भाग. त्याच्या जागी जिमी स्मिट्स आला. १९९५मध्ये करूसोचे दोन चित्रपट आले, 'किस ऑफ डेथ' आणि 'जेड', दोन्ही पडले. १९९७मध्ये सुरू झालेल्या एका व्यंगचित्र मालिकेच्या पहिल्याच भागात त्याची कारकीर्द हा विनोद होता: मोठा भाऊ धाकट्याला म्हणतो, डेव्हिड करूसोच्या कारकिर्दीची नक्कल करून दाखव, आणि धाकटा वरून खाली उडी मारतो. इतकी ती गोष्ट घरोघरी पोचली होती. दरम्यान त्याचा जोडीदार डेनिस फ्रान्झ बारा हंगाम तिथेच राहिला आणि त्याच भूमिकेसाठी चार एमी घेऊन गेला.

करूसोची चूक 'चित्रपट करायला गेला' ही नव्हे. चूक वेळापत्रकाची. अमेरिकन मालिकेचं चित्रीकरण साधारण जुलै-ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत चालतं, मध्ये तीन महिन्यांची सुट्टी. या सुट्टीत एक चित्रपट बसतो. वर्षाला एक म्हणजे तीन वर्षांत तीन चाचण्या, आणि तीनही पडले तरी सप्टेंबरला मालिका आहेच. जॉर्ज क्लूनीने हेच केलं. त्याची रुग्णालयावरची मालिका 'ईआर' सप्टेंबर १९९४मध्ये आली, त्याचा करार पाच वर्षांचा होता आणि तो त्याने पुरा केला. १९९६च्या शरदात तर एकाच वेळी 'ईआर' आणि बॅटमनचा चित्रपट असं दोन्हीकडे चाललं होतं. तो चित्रपट सणकून आपटला, पण क्लूनीला धक्का बसला नाही, कारण दर गुरुवारी रात्री लोक त्याला डॉक्टरच्या कपड्यांत पाहतच होते. फेब्रुवारी १९९९मध्ये तो गेला तेव्हा त्याचा मोठ्या पडद्यावरचा जम बसलेला होता. करूसोने तर चित्रपट पडद्यावर येण्याआधीच दोर कापला. पुढे २००२मध्ये 'सीएसआय: मायामी' मिळाली आणि ती दहा हंगाम चालली, तेव्हा मात्र तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

पैशांबद्दल एक गैरसमज फार आहे. मालिका सोडली की पुनःप्रक्षेपणाचे पैसे बंद होतात असं नाही. जे भाग केले त्यांचे हप्ते येतच राहतात. हप्ता दर फेरीला उतरत जातो आणि तो संघटनेने ठरवलेल्या किमान मानधनावर मोजतात, ताऱ्याच्या मोठ्या मानधनावर नव्हे. हातातून जातो तो न केलेल्या भागांचा हप्ता. स्टीव्हन्सनचे तीन हंगाम म्हणजे ७२ भाग, आणि 'मॅश'चे एकूण भाग अडीचशेवर. रोज एक भाग या हिशेबाने स्थानिक वाहिन्यांना मालिका विकायची तर साधारण १०० भाग लागतात, आठवड्याला पाच प्रमाणे वीस आठवडे पुरतील इतके. म्हणून चौथा-पाचवा हंगाम हा पैशांचा खरा उंबरठा. तिसऱ्या हंगामाअखेर निघालेला माणूस उंबरठ्यावरून मागे फिरतो. 'बोनान्झा'च्या काळात तर हप्ते ठरावीक फेऱ्यांपुरतेच मिळत; मालिका चालेल तोवर हप्ता, ही तरतूद नटांच्या संघटनेने १९७४च्या करारात मिळवली.

कधी कधी हळहळ पैशांची नसते, प्रसिद्धीचीही नसते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावरच्या मालिकेतली सुरक्षा अधिकारी ताशा यार करणारी डेनिस क्रॉस्बी पहिल्याच हंगामात कंटाळली. काम म्हणजे मागे उभं राहून कप्तानाला हो म्हणायचं. तिने सोडवणूक मागितली, निर्मात्यांनी दिली, आणि एप्रिल १९८८च्या एका भागात ताशाला एका काळ्या डांबरासारख्या प्राण्याने पहिल्याच फटक्यात मारलं. शौर्य नाही, शेवटचं वाक्य नाही. तिच्या मरणाचा भाग आधी चित्रित झाला आणि त्याच्या आदल्या आठवड्यात दिसलेला भाग नंतर. त्यात मालवखारीचं दार बंद होताना पाठीमागे उभी असलेली क्रॉस्बी कॅमेऱ्याकडे हात हलवते. बारकाईने पाहिलं तर दिसतं.

दोन वर्षांनी लेखकांनी काळ वाकवणारी एक गोष्ट रचली. इतिहास बदललेल्या जगात ताशा जिवंत असते, आपलं मरण निरर्थक होतं हे तिला कळतं आणि ती अर्थपूर्ण मरण निवडते. फेब्रुवारी १९९०चा तो भाग मालिकेतल्या उत्तम भागांत गणला जातो. अशी कामं मिळाली असती तर गेलेच नसते, असं क्रॉस्बी त्यावर म्हणाली. आणि ती नुसती म्हणून थांबली नाही. त्या दुसऱ्या ताशाला मुलगी झाली असती तर, ही कल्पना तिने स्वतः लेखकांपुढे मांडली आणि सेला नावाची शत्रुपक्षातली सेनानी होऊन परत आली. मेलेल्या पात्राच्या नटीने स्वतःसाठी मागचं दार असं उघडलेलं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. मात्र पहिल्या हंगामाची अडचणही समजून घ्यायला हवी. पहिल्या वर्षी लेखकांनाच पात्रं सापडलेली नसतात. 'नेक्स्ट जनरेशन' तिसऱ्या हंगामात सुधारली हे तिचे चाहतेही मान्य करतात. भूमिका पातळ आहे म्हणून पहिल्या वर्षी सोडणारा नट ज्या भूमिकेला कंटाळलेला असतो ती अजून लिहूनच झालेली नसते.

सोडण्याची किंमत कधी कोर्टाबाहेर ठरते. फराह फॉसेट 'चार्लीज एंजल्स' एका हंगामातच, १९७७मध्ये सोडून गेली. निर्मात्यांनी दावा लावला आणि तडजोड अशी झाली की तिने पुढच्या हंगामांत सहा भागांत पाहुणी म्हणून यायचं. म्हणजे ज्या साच्यातून सुटायचं होतं त्याच साच्यात, आता दुसरीची झालेल्या जागेशेजारी उभं राहायचं.

आपल्याकडे चौकटच वेगळी आहे. हंगाम नाहीत, आठवड्याला पाच-सहा भाग, बारा तासांची पाळी, मानधन दिवसावर आणि तेही बहुधा ९० दिवसांनी हाती येणारं. करारात महिन्याला किमान किती दिवस काम मिळेल ते लिहिलेलं असतं, आणि सोडायचं तर नोटिशीचा काळ. हाताशी चित्रित भागांचा साठा जेमतेम काही दिवसांचा, त्यामुळे नट अचानक गेला तर लेखकाला कथानक आठवडाभरात वळवावं लागतं. पात्राला परगावी पाठवा, कोमात घाला, अपघात करा, नाहीतर चेहरा बदला. पुनःप्रक्षेपणाच्या हप्त्यांचं अमेरिकेसारखं रुळलेलं गणित नाही. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आला खरा, पण दैनंदिन मालिकेत बोलणी चालतात ती 'पर डे'चीच. त्यामुळे इथे जाणारा नट पुढचे हप्ते गमावत नाही. तो गमावतो रोज रात्री घराघरात दिसणं.

'क्योंकि सास भी कभी बहू थी' जुलै २०००मध्ये स्टार प्लसवर आली. मिहिर विराणी झाले होते अमर उपाध्याय. कथेत मिहिरला अपघातात मारलं तेव्हा लोकांनी जवळपास सुतक पाळलं आणि वाहिनीला मिहिर जिवंत करावा लागला. यातून नटाने काय निष्कर्ष काढावा? हेन्री ब्लेकसाठी पत्रं आली होती, इथे तर पात्रच परत आणलं गेलं. २००२मध्ये उपाध्याय चित्रपटांसाठी बाहेर पडले. मिहिर काही दिवस इंदर कुमार झाले आणि मग रोनित रॉय. रोनित रॉय २००८पर्यंत मिहिर राहिले, आणि पुष्कळ घरांत मिहिर म्हटलं की आजही त्यांचाच चेहरा आठवतो. दैनंदिन मालिकेत चेहरा बदलल्यावर पहिले पंधरा दिवस प्रेक्षक कुरकुरतो. रोज रात्री तोच नवा चेहरा, तेच घर, तीच तुलसी; महिन्याभरात सवय होते. आठवड्याला एक भाग असलेल्या अमेरिकन मालिकेत ही युक्ती क्वचितच चालते, म्हणून तिथे मारतात किंवा परगावी पाठवतात. जुलै २०२५मध्ये मालिका नव्या रूपात परतली तेव्हा मिहिर म्हणून पुन्हा अमर उपाध्यायच आले, तेवीस वर्षांनी.

मराठीतलं उदाहरण याच्या उलट आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया साकारणारी रसिका सुनील २०१८मध्ये शिकायला अमेरिकेला गेली, ईशा केसकर शनाया झाली, आणि २०२०मध्ये रसिका सुनील त्याच भूमिकेत परतली. पात्र मेलं नव्हतं, कुठे गेलंही नव्हतं, फक्त चेहरा बदलला होता. परतीचा रस्ता त्यामुळेच सोपा राहिला. नटाला आपल्या जागी दुसरं कुणी आलेलं बघायला वाईट वाटतं, पण खुर्ची तापती ठेवणारा बदली नट हा खुर्ची जाळून टाकणाऱ्या लेखकापेक्षा कधीही बरा.

म्हणून सोडण्याआधी वकिलापेक्षा लेखकाकडे जावं, असं मी म्हणेन. पात्राचं काय करणार हे विचारायचं आणि निरोपाचा प्रसंग आपण हाताशी असतानाच चित्रित करून घ्यायचा, नाहीतर ट्रॅपरसारखं सगळं कुणाच्या तरी गालावरच्या चुंबनात आटोपतं. सुटकेच्या कागदात पुढे किती काळ छोट्या पडद्यावर काम करायचं नाही हे बारीक अक्षरात असतं, ते वाचायचं. नव्या वाहिनीचा 'तुमच्यासाठी खास मालिका' हा शब्द म्हणजे करार नव्हे. काम झालं नाही तरी पैसे देणारं कलम त्यात नसेल तर ती फक्त जेवणाच्या टेबलावरची भाषा. आणि नव्या मालिकेत आपल्याभोवती कोण कोण असेल हे पात्रांच्या यादीत बघायचं. रडार कोण आहे, फ्रँक बर्न्स कोण आहे? 'हॅलो, लॅरी'त स्टीव्हन्सनच्या वाट्याला रेडिओवर सल्ला देणारा घटस्फोटित बाप आला, दोन मुलींना वाढवणारा. त्याचं वाक्य त्याच्याआधी बोलणारं तिथे कुणीच नव्हतं.

मॅक्लीन स्टीव्हन्सन १५ फेब्रुवारी १९९६ला हृदयविकाराच्या झटक्याने गेला. दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, रॉजर बोवेन नावाचा नटही हृदयविकारानेच गेला. १९७०च्या मूळ 'मॅश' चित्रपटात हेन्री ब्लेक झाला होता तो हाच.